नासलेल्या दुधाची नोंद: सिन्नरचे नऊ गोठे आणि नाशिकची दारं

हे प्रकरण सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावातल्या शेतकऱ्यांच्या गटाचं आहे, जो आपलं दूध थेट नाशिकच्या घरांना देतो. नऊ गोठे, एक बल्क कूलर म्हणजे दूध थंड ठेवायची टाकी, एक छोटा टेम्पो आणि नाशिकमध्ये नाशिकरोड, इंदिरानगर, गंगापूर रोड या भागांतली रतिबाची घरं. गाव माझं आजोळ. मी नोकरीनिमित्त सातपूरला असते आणि गटाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहेत, म्हणजे मी त्रयस्थ नाही. गावाचं आणि माणसांचं नाव लिहायचं नाही असं गटात ठरलं होतं, ते पाळलं आहे.

गट झाला तो चिठ्ठीमुळे. दूध घालायला गेलं की संकलन केंद्रावर यंत्रातून चिठ्ठी निघते. तिच्यावर लिटर, फॅट म्हणजे स्निग्धांश, एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक, आणि भाव. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरलेला असतो, त्याखाली पॉइंटागणिक पैसे कापतात. मामांनी या चिठ्ठ्या तारेत ओवून खुंटीला लावलेल्या असायच्या. गायी त्याच, चारा तोच, तरी बाजारात मंदी आली की आपली फॅट पडते, असं त्यांचं म्हणणं. ते खोडायला किंवा सिद्ध करायला त्यांच्या हातात काही नव्हतं. यंत्र केंद्राचं, आकडाही केंद्राचाच.

२०२३ साल उजाडलं तेव्हा गायीच्या दुधाला लिटरला ३५ रुपयांच्या वर भाव होता. दूध पावडर आणि लोण्याचे दर कोसळले आणि वर्ष सरेपर्यंत तो २५ ते २७ रुपयांवर आला. मी सातपूरच्या दुकानातून घेत होते त्या पिशवीची किंमत काही तेवढी उतरली नाही. त्यातच पाऊस गेला. ३१ ऑक्टोबर २०२३ ला शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. भाव उतरला आणि चारा महागला, दोन्ही एकाच हिवाळ्यात.

जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपयांचं अनुदान आलं. त्यासाठी जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असणं आणि त्याची नोंद असणं सक्तीचं झालं. लोक वैतागले, कागदपत्रांसाठी खेटे झाले. पण त्या खटाटोपात आमच्या नऊही गोठ्यांतल्या प्रत्येक गायीला ओळख क्रमांक मिळाला. मला वाटलं, हा क्रमांक अनुदानापुरताच का वापरायचा? ही गाय, हा गोठा, ही धार, असं नाशिकच्या गिऱ्हाईकाला का दिसू नये?

फेब्रुवारीत सुरुवात केली. अन्न परवान्याच्या नियमात रोज ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्याला साधी नोंदणी पुरत होती, तेवढ्यातच राहायचं ठरवलं. नऊ जणांनी मिळून मिल्कोटेस्टर, म्हणजे दुधाची फॅट आणि एसएनएफ मोजणारं यंत्र, घेतला. पहिले तीन आठवडे ॲपच्या नादात गेले. ते कुणीच उतरवून घेतलं नाही. मग साधी पद्धत ठेवली: संध्याकाळी आणि सकाळी प्रत्येक कॅनचं माप, फॅट, एसएनएफ मामांचा मुलगा फोनवर एका तक्त्यात भरतो आणि तोच तक्ता एका वेब पानावर दिसतो. रतिबाच्या कार्डावर क्यूआर कोड आहे. तो उघडला की आजचं दूध कोणत्या गोठ्यांतून आलं, फॅट किती, कूलरचं तापमान किती हे दिसतं. बिल महिनाअखेर यूपीआयने.

मामांना सगळ्यात जास्त आवडलं ते हे की शेतकऱ्याच्या फोनवर आणि गिऱ्हाईकाच्या फोनवर आकडा एकच आहे. तो आवडला म्हणून त्याची जबाबदारीही आली. यंत्राची नळी रोज धुवावी लागते, नाहीतर आकडा भलतीकडे जातो. नुकत्याच काढलेल्या दुधात हवा असते, ते तसंच तपासलं तर एसएनएफ कमी दिसतो, म्हणून थोडं थांबावं लागतं. दर आठवड्याला एका नमुन्याची फॅट गर्बर या जुन्या, आम्ल वापरायच्या पद्धतीने तपासून यंत्राशी ताडून बघतो. यंत्र आपलं झालं की त्याच्या चुकाही आपल्या होतात, हे पहिल्या महिन्यातच कळलं.

गिऱ्हाईकांची भाषा मात्र फॅटची नव्हती, सायीची होती. "काल साय भाकरीएवढी आली, आज कागदासारखी का?" असे फोन यायचे. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मराठी घरात दूध जोखायचं माप सायच आहे, तिचंच पुढे विरजण, लोणी, तूप होतं. मी पानावर फॅटच्या आकड्याशेजारी त्या दिवशी गायींनी काय खाल्लं तेही लिहायला लागले: कडबा, मुरघास म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, सरकी पेंड, हिरवा मका. कोवळा हिरवा चारा जास्त झाला आणि त्यात तंतू कमी पडले की फॅट उतरते, उन्हाने गाय तापली तरी उतरते. दोन-तीन आठवड्यांत इंदिरानगरच्या एक काकू मलाच विचारू लागल्या, "अगं, आज कडबा कमी पडला का?" या जोडणीत काही अर्थ आहे असं मला मनापासून वाटलं ते त्या दिवशी.

मग मे महिना आला.

ती सकाळ

मे २०२४ मधला एक कामाचा दिवस. सकाळी सव्वाआठपासून गंगापूर रोडच्या एका सोसायटीतून निरोप यायला लागले: दूध नासलं. आधी एक, मग तीन, मग शेजारच्या सोसायटीतून. गॅसवर फाटलेल्या पातेल्यांचे फोटो. नाशिकरोडहून मात्र एकही तक्रार नाही.

मी गावाला फोन लावला. मामा म्हणाले, "रात्री लाइट गेली होती पोरी, पण ती रोजच जाते." मी तापमानाची नोंद उघडली. कूलरला लावलेला तापमापक दर दहा मिनिटांनी आकडा पाठवतो. रात्री एक वीसपर्यंत ४ अंश, पुढे पहाटे पाचला दहा मिनिटं असेपर्यंत काहीच नाही आणि नंतर एकदम १३ अंश. वीज गेल्याबरोबर राउटर बंद पडला होता. जेव्हा नोंद हवी होती नेमकी तेव्हाच ती नव्हती. पहाटेचं कोमट दूध थंड न झालेल्या कूलरमध्ये ओतलं गेलं आणि टेम्पो वेळेवर निघाला, कारण लोक वाट बघतात. मोहदरी घाट, शिंदे टोलनाका, नाशिकरोड, द्वारकेची गर्दी, मग इंदिरानगर आणि सगळ्यात शेवटी गंगापूर रोड. ज्यांना आधी मिळालं आणि ज्यांनी लगेच तापवलं त्यांचं वाचलं. शेवटच्या घरांचं फाटलं.

गटाच्या फोनवर बोलणं सुरू झालं. एकाचं म्हणणं, पातेलं नीट घासलं नसेल असं सांगू. दुसऱ्याचं, उन्हाळा आहे, सगळ्यांचंच दूध नासतं. दोन्ही उत्तरं दूधवाल्यांच्या पिढ्यांनी दिलेली आहेत आणि गिऱ्हाईकांच्या पिढ्यांनी ती गिळलेली आहेत. पण १३ चा आकडा पानावर आधीच चढला होता. तो सगळ्यांना दिसत होता.

आठ चाळीसला मी सगळ्या घरांना निरोप पाठवला: "रात्री साडेतीन तास वीज नव्हती. सकाळी कूलरचं तापमान १३ अंश असूनही आम्ही दूध पाठवलं, ही आमची चूक. ज्यांचं नासलं त्यांचे आजचे पैसे लागणार नाहीत. ज्यांचं तापवायचं राहिलंय त्यांनी वापरू नये." तो पाठवताना माझे हात थरथरत होते. काही घरं त्याच दिवशी सुटली. तो त्यांचा हक्क होता. बाकीची थांबली.

इथे प्रकरण संपलं असतं तर वीज गेली, दूध नासलं, माफी मागितली, एवढीच गोष्ट झाली असती. पण मामींच्या मनात एक शंका होती. "लाइट आधीही गेली होती की. तेव्हा का नाही नासलं?"

त्यांचं बरोबर होतं. कच्चं दूध जिभेला आंबट लागायच्या आधीच उकळताना फाटतं. त्यासाठी त्यात जिवाणूंची वाढ बरीच आधीपासून झालेली असावी लागते. स्वच्छ काढलेलं दूध १३ अंशांवर दोन-तीन तासांत तिथवर जात नाही. सुरुवातच वाईट असली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेथिलीन ब्लूची चाचणी केली. दुधाच्या नमुन्यात निळा रंग घालायचा आणि नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायची. जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. चांगल्या दुधात तो पाच तासांच्या वर टिकतो, अर्ध्या तासात उडाला तर दूध वाईट. नऊ नळ्या मांडून सगळे ओसरीवर बसलो. आठ निळ्याच राहिल्या. एक वीस-पंचवीस मिनिटांत पांढरी झाली.

त्या गोठ्याची फॅट त्या आठवड्यात पानावर सगळ्यात वर होती.

मी हे मुद्दाम वेगळं लिहिते आहे. आम्ही तीन महिने लोकांना दूध पारदर्शक करून दाखवत होतो आणि जो आकडा दाखवत होतो तो त्या दुधाच्या खऱ्या दुखण्याबद्दल काहीच सांगत नव्हता. फॅट आणि एसएनएफ भाव ठरवायला निघालेले आकडे आहेत. स्वच्छता त्यात दिसत नाही.

गोठा आक्कांचा. तीन गायी, घरात त्या एकट्या. त्या मे महिन्यात गावात टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्यांच्या वस्तीवर त्याहूनही उशिरा. गायींना पाजून उरेल त्यात भांडी. ज्या बादलीत गायीची कास धुवायची त्याच पाण्यात कॅन हिसळायचा. आधी कुणाला बोलल्या नव्हत्या. मी विचारलं, "आक्का, सांगायचं ना आम्हाला?"

"सांगितलं असतं तर माझं दूध बंद केलं असतं ना तुम्ही?"

आमचा नियम तोच होता. फेब्रुवारीत मीच लिहिलेला: अस्वच्छ आढळल्यास त्या गोठ्याचं दूध थांबवण्यात येईल. नियम चुकीचा नव्हता, पण त्याने आक्कांना गप्प राहायला शिकवलं होतं. खरं सांगितलं की ज्याचं नुकसान होतं तो खरं सांगत नाही आणि मग फोनवरच्या तक्त्यात कितीही रकाने वाढवले तरी त्यात तेवढंच भरलं जातं जेवढं भरणाऱ्याला परवडतं.

बैठक आणि तिच्यानंतर

त्या रात्री मामांच्या ओसरीवर बैठक झाली. आक्का बोलल्यावर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक तरुण शेतकरी म्हणाला, "मग माझंही ऐका." मार्चमध्ये त्याच्या गायीला दगडी झाली होती, कासदाह. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं आणि किती दिवस दूध घालायचं नाही तेही सांगितलं. त्याने एक दिवस आधीच दूध घातलं होतं. बँकेचा हप्ता होता.

यात त्याला झोडणं सोपं होतं. प्रतिजैविकाचा अंश दुधात येणं ही लहान गोष्ट नाही, उकळून तो जाईलच असं नाही, आणि ते दूध ज्या घरांत गेलं तिथे लहान मुलं आहेत. पण हिशेब असा होता की औषधाच्या दिवसांत दूध फेकायचं त्याने एकट्याने, आणि त्याच्या खरेपणामुळे वाढणारा विश्वास मात्र नऊ जणांचा. त्या रात्री ठरलं की रतिबाच्या प्रत्येक लिटरमागे थोडे पैसे बाजूला काढायचे आणि औषधामुळे किंवा आजारामुळे जे दूध गटात घालता येणार नाही त्याचा डेअरीच्या भावाइतका मोबदला त्यातून द्यायचा. गायीचा बारा अंकी क्रमांक पानावर "औषध चालू, दूध घेतलेलं नाही" असा दिसतो. पहिल्या महिन्यात अशा नोंदी अचानक वाढल्या. गायी जास्त आजारी पडल्या नव्हत्या, सांगायला लागल्या होत्या, म्हणजे त्यांची माणसं.

एका गिऱ्हाईकाने विचारलंही, "तुमच्याकडे फार गायी आजारी असतात का हो?" त्यांना आम्ही नोंद कशी होते ते समजावून सांगितलं. ते अजून रतीब घेतात.

कॅनचा प्रश्न पाण्याचा होता, म्हणून उत्तरही पाण्यातच शोधलं. आता कॅन घरी धुवायचेच नाहीत. नऊ गोठ्यांचे कॅन कूलरपाशी येतात, तिथे गरम पाण्याने एकत्र धुतले जातात आणि उन्हात पालथे घातले जातात. एकत्र धुतल्याने पाणी कमी लागतं. गरम करायला मामांच्या परसातला बायोगॅस आहे. दोन घनमीटरचं संयंत्र, रोज साधारण ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठ्या जनावरांचं. घरचा स्वयंपाक आणि कॅनचं पाणी दोन्ही त्यावर होतं. संयंत्रातून निघणारी स्लरी, म्हणजे शेणाचा पातळ काला, मक्याला आणि डाळिंबाला जाते. हिवाळ्यात निफाडकडून थंडी उतरली की गॅस मंदावतो, तेव्हा सरपण लागतंच.

काचेच्या बाटल्यांचा विषयही त्याच महिन्यात निघाला. गंगापूर रोडच्या बऱ्याच घरांना प्लास्टिकची पिशवी नको होती, म्हणून सुरुवातीपासून तिथे बाटल्या होत्या. २०१८ च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायची तरतूद होती, पण माझ्याकडून कुणा दुकानदाराने रिकामी पिशवी कधी परत घेतली नाही. त्यामुळे बाटली मागणाऱ्यांची तळमळ मला कळत होती. पण बाटली धुवायची कुठे? दुष्काळी गावात टँकरच्या पाण्याने, आणि तेही दोनदा. नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी नळाला येतं. मी हे सगळं जसंच्या तसं गिऱ्हाईकांना लिहिलं. त्यातून निघालेली तोड जुनीच आहे: प्रत्येक घराच्या दोन स्टीलच्या किटल्या. एक दारात, एक टेम्पोत. रिकामी किटली घरीच स्वच्छ धुऊन द्यायची, गावात तिला फक्त उकळत्या पाण्याचा हात. गवळी दारात येऊन पातेल्यात माप ओतायचा, त्याच्या जवळ जाणारी ही पद्धत. काही घरांना ती नको होती, ती सुटली.

पर्यावरणाचं म्हणाल तर पानावर आम्ही एवढंच लिहितो: चारा काय, पाणी किती, शेण कुठे गेलं. गायीच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनबद्दल दोन-तीन गिऱ्हाईकं विचारतात. गाय वेळेवर गाभण राहिली, भाकड काळ कमी झाला, खुराक समतोल असला की लिटरमागचा मिथेन कमी होतो, आणि त्या दिशेने काम चालू आहे. पण आमच्या गोठ्यात तो मोजायचं यंत्र नाही, म्हणून त्याचा आकडा पानावर नाही आणि कुणी सुचवलं म्हणून किटलीवर हिरवं पान छापणारही नाही.

तापमापकाला बॅटरी लागली. १० अंशांच्या वर आकडा असेल तर टेम्पो निघत नाही. त्या दिवशी दूध डेअरीला किंवा खव्याला जातं आणि सकाळी सहाच्या आत घरांना निरोप जातो. नंतर असे तीन दिवस आले.

उरलेलं दूध

थेट विक्रीचं बोलताना सगळे शहरातला भाव आणि डेअरीचा भाव यांतला फरक मांडतात. उरलेल्या दुधाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मे महिन्यात शाळांना सुट्टी, घरं गावाला. दिवाळीत तेच. गाय सुट्टी घेत नाही. समजा १०० लिटर आहे, ७० लिटर दारात ६० रुपयांनी गेलं आणि ३० डेअरीला २८ ने. सरासरी ५० रुपये ४० पैसे पडते. दारात ४० च लिटर गेलं तर सरासरी ४० रुपये ८० पैशांवर येते आणि टेम्पोचं डिझेल तेवढंच लागतं. जुलै २०२४ पासून दूध संघाचा भाव ३० आणि वर ५ रुपये अनुदान असं झालं तेव्हा गटातल्या दोघांनी विचारलं, मग एवढी पहाटेची धावपळ कशाला? प्रश्न रास्त होता. अनुदान किती दिवस टिकेल यावर त्या दिवशी बराच वाद झाला. दोघं थांबले, पण अर्धं दूध डेअरीला घालतात आणि गटाने ते मान्य केलं.

गिऱ्हाईकांसाठी एकच नियम कडक आहे: उद्याची रजा आज संध्याकाळी सहाच्या आत कळवायची. सुरुवातीला लोक रात्री अकराला कळवायचे. मी रात्री शिल्लक राहणाऱ्या दुधाचं काय होतं ते पानावर टाकायला लागले, "आज ऐनवेळी रद्द, म्हणून डेअरीला गेलेलं दूध" असा एक आकडा. कुणालाही दोष न देता, नाव न घेता. तो आकडा उतरला.

ऑक्टोबरमध्ये कोजागरी आली. एका रात्रीपुरती मागणी दुप्पट-तिप्पट. मसाला दुधासाठी सोसायट्या आठ दिवस आधीपासून सांगून ठेवतात. शेजारच्या गावातला एक ओळखीचा दूधवाला म्हणाला, हवं तेवढं देतो, कॅनमध्ये ओता, कोण बघतंय. बैठकीत तरुण मंडळींना मोह झाला, कारण एका रात्रीत महिन्याचं डिझेल निघालं असतं. आक्का पहिल्यांदाच आधी बोलल्या. "त्याच्या गायीचा नंबर तक्त्यात कुठे भरायचा?"

कोजागरीच्या चार दिवस आधी पानावर "यंदाची जास्तीची नोंदणी पूर्ण" असं लिहिलं. त्या संध्याकाळी कूलरमध्ये नऊ गोठ्यांचंच दूध होतं, ४ अंशांवर. गंगापूर रोडच्या सोसायटीने उरलेलं दूध कुठून तरी पिशव्यांचं आणलं.